भिंतीकडची कपाटं

९ जानेवारी, गुरुवार

चिमणीच्या छातीत पुन्हा शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी औषध लिहायच्या आधी विचारलं, ही झोपते कुठे? म्हटलं, आजीजवळ, मागच्या भिंतीला लागून. भिंतीला ओल आहे? आहे म्हणजे काय — बुरशीचे काळे ठिपके उशीपर्यंत उतरलेत! बाई म्हणाल्या, मग मी औषध देत राहीन आणि तुम्ही येत राहाल. पोरगी लहान आहे, काय करायचं ते आत्ताच करा.

घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. खोली ती केवढी. इकडे माझं शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल, तिकडे ओटा, मध्ये पलंग नि कपाट. काहीही हलवायचं म्हटलं तर ते गॅलरीतच न्यावं लागेल.

१० जानेवारी

मालकांना फोन केला. “बघूया,” म्हणाले. नळ गळतो — बघूया. जिन्यात दिवा नाही — बघूया. सगळे भाडेकरू त्यांना मागून ‘बघूया’च म्हणतात. माणूस चढ्या आवाजात कधी बोलत नाही, चिमणीच्या गालाला हात लावून विचारपूस करतो. शिव्या देणारा असता तर भांडले तरी असते. याच्याशी भांडायचं कसं?

ह्यांना म्हटलं, आता डोक्यावरून पाणी गेलं. दोघं जाऊन पालिकेत तक्रार देऊन आलो. जेवणानंतर ताट उचलताना सासूबाई म्हणाल्या, घरची लक्तरं वेशीवर टांगून आलात ना.

१४ जानेवारी

गुरुवारी तपासनीस येणार! जीव भांड्यात पडला.

१६ जानेवारी, गुरुवार

हसू की रडू कळत नाही.

सकाळी गिऱ्हाइकाचे पडदे द्यायला गेले होते. परत येते तर तपासनीस बाई जिन्यातच भेटल्या. साध्या, थकलेल्या, पायात कापडी बूट. त्यांना घेऊन दार उघडलं — आणि भिंत दुधासारखी पांढरी! सासूबाई नव्या लुगड्यात, हातावर रंगाचे शिंतोडे, टेबलावर ठेवणीतले कप. पलंगावर कोरी चादर.

बाईंनी भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. म्हणाल्या, रंगच ओला आहे, भिंत ओली आहे की नाही मी कसं सांगणार? मी ठिपक्यांचं सांगितलं, शिट्टीचं सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला. खोली छान ठेवलीत हो, म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा असा फुलला!

बाई गेल्यावर मी एवढंच विचारलं, आई, का? तर म्हणाल्या, “परकं माणूस घर बघायला येणार. काळी भिंत दाखवू?” त्यांना वाटलं, तपासणी आपली आहे.

मी दिवसभर मशीनच चालवलं. एक बाही उलटी लावली.

१७ जानेवारी

रंगाच्या वासाने चिमणी जास्तच खोकते. सासूबाई तिला घेऊन गॅलरीत बसल्यात. मी अजून बोलत नाहीये.

२ फेब्रुवारी, रविवार

रंग सुटला. सकाळी चिमणीच्या केसांत पोपडे. सासूबाईंनी विंचरून काढले.

पुन्हा अर्ज दिला आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासनीस बाई आल्या, आणि आज मालकही आले. भिंत आता सगळ्यांना दिसत होती. मला वाटलं, झालं, सुटलो.

मालक शांतपणे म्हणाले, ताई दिवसभर इस्त्री करतात. एवढी वाफ जाणार कुठे? भिंतीतच ना? मागची भिंत सगळ्या खोल्यांची एकच आहे, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. विचारा हवं तर.

बाईंनी विचारलं. शेजारच्या घड्याळवाल्याची बायको दारातूनच म्हणाली, आमचं छान आहे. नर्सबाई म्हणाल्या, काही त्रास नाही. टोकाच्या खोलीतल्या मास्तरांनी दार पुरतं उघडलंही नाही.

मग बाईंनी मला स्वच्छ सांगितलं. पुढच्या गुरुवारी त्या सगळ्या खोल्या बघणार. सगळीकडे ओल निघाली तर दोष भिंतीतल्या पाइपाचा, मालकांना भिंत उघडून दुरुस्ती करावीच लागेल. फक्त आमच्याकडे निघाली तर दोष वापराचा. मग मालक मला काम बंद करा म्हणू शकतात, नाहीतर खोली सोडा.

मालक जाताना चिमणीच्या गालाला हात लावून म्हणाले, “मशीनची सोय दुसरीकडे कुठे होते का, बघा ताई.” माझ्या मशीनवर अर्धं घर चालतं. ह्यांच्या एकट्याच्या कमाईत आम्हाला दुसरी खोली कोण देणार?

८ फेब्रुवारी

कालपासून इस्त्री बंद ठेवली आहे. गिऱ्हाइकांना चुरगळलेले कपडे देते आणि थापा मारते. मनात सारखं तेच — माझ्याच वाफेने माझ्या पोरीची छाती बिघडली असेल तर? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, वेडी आहेस. पण ते लगेच म्हणाले नाहीत. आधी भिंतीकडे बघितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

भिंत तशीच ओली. उलट नवा ठिपका.

काजं करत बसले होते. सासूबाई आपणहून जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, घड्याळवाल्यांचं कपाट भिंतीला टेकलेलं नाही, बघितलंस कधी? हातभर पुढे आहे. मागे लाकूड कुजतं म्हणून. मास्तरांनी पुस्तकांचं कपाटच आडवं लावलंय. आणि ओलीवर कुठला रंग बसतो, ते मला नर्सबाईनेच सांगितलं.

मी सुई खाली ठेवली. या दुपारभर सगळ्यांच्या घरी बसतात, यांना सगळं ठाऊक! आणि इतके दिवस तोंडाला कुलूप! म्हटलं, आई, मला का नाही सांगितलंत? म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरातलं बोलू नये.

तशीच उठून घड्याळवाल्यांकडे गेले. त्यांची बायको रडवेली झाली. “तुझं वाईट वाटतं ग. पण उद्या आमची खोली गेली तर?” मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मी काय वेगळं बोलले असते?

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्या तपासणी.

संध्याकाळी सासूबाईंनी चिमणीचा हात धरला आणि दारोदार निघाल्या. मला म्हणाल्या, तू येऊ नकोस, बोलायला लागलीस की तुला थांबता येत नाही. (खरंच आहे.) मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे उगाच खालीवर करत कान देऊन उभी राहिले.

पाइप, पालिका, कायदा — यातलं काही त्या बोलल्या नाहीत. प्रत्येक दारात तेच बोलल्या, जणू पाठ करून आल्या होत्या. “इतकी वर्षं मला वाटायचं, भिंत आपली, मग डागही आपलेच. म्हणून झाकत राहिले. भिंत मालकांची आहे, बाई. डाग त्यांचे. आपलं आहे ते हे पोर.”

चिमणी मध्येच खोकली. ते काही शिकवलेलं नव्हतं.

हो कुणीच म्हणालं नाही. मास्तरांनी मान खाली घातली. दारं एकेक करून हळूच लागली. सासूबाई परत आल्या, पाय धुतले, आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या, मी पहिल्या दिवशी तो रंग लावला नसता तर. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

ह्यांनी खोलीच्या शोधात कुणाकुणाला सांगून ठेवलं आहे. मी कापडांचं गाठोडं बांधून ठेवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दार उघडलं तर बाहेर पाऊल टाकायला जागा नाही. गॅलरीभर कपाटं! प्रत्येक दारासमोर एक, काळी कुजलेली पाठ बाहेर करून. मास्तर अजून पुस्तकं काढत होते.

सासूबाईंनी ठेवणीतले कप मागे सारले आणि रोजचे काढले.