आत वळवलेला गुडघा

अण्णा, तुमची नात उद्या पुन्हा त्या दगडावर चढणार आहे आणि मला सकाळपासून काही सुचत नाही. माळावरचा तो दोन पुरुष उंच धोंडा तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याला शिकायला गेली आणि हे खूळ घेऊन आली. दोर नाही, काही नाही, खाली फक्त एक जाड गादी. वरची खाच हाताला लागत नाही, म्हणून ती एक गुडघा आत पिळते, कंबर दगडाला चिकटवते आणि मग हात वीतभर पुढे जातो. तिचे सर त्याला ‘ड्रॉप नी’ म्हणतात. मागच्या महिन्यात तसं करतानाच तिच्या गुडघ्यात कट्कन वाजलं. आता डॉक्टर म्हणतात, चढू दे, पण जपून. गुडघा जपून कसा पिळायचा, हे विचारायचं मला तिथं सुचलं नाही.

तिला पहिल्यांदा तशी वळताना पाहिलं तेव्हा मला आपली विहीर आठवली. वर यायला भिंतीतून पुढे काढलेले दगड, त्यातला मधला एक निखळलेला. आई कटकट करायची, "त्यो दगुड बसवा की आदी, पोरगी पडंल." तुम्ही म्हणायचात, "पडली तर पाण्यातच पडंल की." मी ओलीचिंब, खालच्या दगडाला लोंबकळतेय आणि तुम्ही काठावरून ओरडताय, "हात कशाला ताणायलीस? पोट न्हाय, कंबर लाव भिताडाला. गुडगा आत वळीव. आता बघ." आणि हात खरंच पोचतो. वर आल्यावर तुम्ही टॉवेल पुढे केलात तेव्हा तुमची बोटं थरथरत होती. मला वाटलं, विडीची तलफ आली असेल.

इथं खाली पाणी नाही, अण्णा. गादी सरकू नये म्हणून ती धरून मी उभी असते. मी नुसता श्वास रोखला तरी तिला कळतं. "आई, तू गादीकडं बघ, माझ्याकडं नको," म्हणते. तिला नको म्हणायला माझं तोंड उघडत नाही, आणि चढ म्हणायलाही नाही. हे घरात बोलण्यासारखं नाही आणि तुम्हाला धाडायला पत्ता नाही, म्हणून लिहितेय.

आज अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेले होते. पोरीला यश दे, एवढंच मागायचं ठरवलं होतं. हात जोडले आणि भलतंच मागून बसले. उद्या सकाळी तिचा गुडघा दुखू दे, म्हटलं. थोडाच, उठताना जाणवेल इतका.