स्क्रीन हिरवीच होती

९ फेब्रु., सोम.
सकाळी अकराला कंपनीतला नेम सर्व्हर बसला, बंदच पडला. म्हणजे मशीनला नावानं हाक मारली, तर तिचा पत्ता सांगणारं कुणीच नाय. मला कळलं कधी? एकला! शीतखोलीतला माणूस पळत आला तेव्हा. त्याच वेळात कॉम्प्रेसरही बंद पडलेला, आत कोंबड्यांची लस गरम. मशीनवर नजर ठेवायच्या माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार. दोन तास त्याच्यापुढं बसून चहा ढोसला मी. अख्खी बॅच फेकली. लई लाज वाटली.

१० मंगळ.
साहेब सलीमभाईंवर बरसले. नेम सर्व्हर त्यांच्याकडं, आणि ठेकेदाराचा माणूस, बोलायची सोय नाय. डबा आम्ही रोज सोबतच खातो. जेवताना म्हणाले, "मेरा सर्वर बैठा, मान्य. मगर तेरे स्क्रीन पे लाल कायकू नै आया, बेटा?"
"बघते," म्हटलं.

११ बुध.
बघितलं. दिवाळीनंतर मीच स्क्रीनच्या यादीतले मशीनचे आकडी पत्ते काढून नावं टाकली. दिसायला छान म्हणून! नाव सापडलं नाय तर जुनाच रंग ठेव, हेही मीच केलं, सारख्या पिवळ्या इशाऱ्यांचा वैताग यायचा म्हणून. इशाऱ्याचा मेसेजसुद्धा नावानंच जायचा. कसला जातोय.
बदलांच्या नोंदीत माझं लॉगिन. ती नोंद अजून कुणी मागितली नाय.
एप्रिलला मला कायम करणार. साहेब स्वतः म्हणालेत.

१२ गुरु.
महत्त्वाच्या मशीनचे आकडी पत्ते परत टाकले. नाव नाय सापडलं की सरळ लाल. इशारा आता सिमकार्डावरून थेट फोनवर. माझ्या मशीनवर नजर ठेवायला बाजूचा जुना कॉम्प्युटर बसवला.
घरी आले तर आई, "काय गं, तोंड का एवढंसं?" काम लई आहे म्हटलं.

१३ शुक्र.
चाचणी. सलीमभाईंनी नेम सर्व्हरची केबल उपटली. मिनिटात स्क्रीनवर लाल, फोन कोकलायला लागला. शीतखोलीचं तापमान मात्र येतच राहिलं, पत्त्यावरून. मी टाळ्याच पिटल्या. ते हसले, "ये अच्छा करी तू."
साडेचारला साहेबांचा फोन. सोमवारी सलीमभाईंचा शेवटचा दिवस, संध्याकाळी गेटपास जमा. त्यांना अजून सांगितलेलं नाय. "तुझा रिपोर्ट आला की झालं."

१५ रवि.
उस्मानपुऱ्यात, माझ्या घरी. रिपोर्ट साहेबांनीच भरून पाठवलाय. कारण: नेम सर्व्हर बंद पडला. खोटं नाय. खाली फक्त माझी सही पाहिजे.
त्याखाली एक ओळ टाइप केली: स्क्रीन लाल झाली नाही, कारण ती सेटिंग मी बदलली होती. खोडली. परत टाइप केली.
दुपारी सलीमभाईंचा मेसेज: "कल डब्बा नक्को ला बेटा. घर में बैंगन बनारे, दोनों के वास्ते लातौं."
"हो भाई" पाठवलं. रिपोर्ट अजून पाठवला नाय.