आईचं पित्त आणि आजीची जीभ

नोल्वाझीताई,

आईला दवाखान्यातून आणायला जातोय. ती वाचली म्हणून बोकड कापलाय खरा, पण तिला चरबीचा तुकडा वाढू नकोस. ऑपरेशनात पित्ताशय काढलंय. आता यकृतात तयार होणारं पित्त साठत नाही, नुसतं आतड्यात ठिबकतं. तेवढ्यावर चरबी पचायची नाही.

पितरांना चाटायला झोपडीत टांगलेलं बोकडाचं पित्ताशय सकाळी कोरडं ठणठणीत होतं. दाराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. म्हणजे आजी येऊन गेली. जिवंतपणीही तिचा डोळा आईच्याच ताटावर असायचा.

स्वप्नात येऊन विचारेल, "सुनेचं पित्ताशय कुठंय गं?" खुशाल डॉक्टरांचं नाव सांग. यकृत अजून आत आहे, हे मात्र बोलू नकोस.

लिंडानी