केसपेपरच्या खिडकीतले आठ हात

तीर्थस्वरूप मावशी,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला नमस्कार. काकांचा खोकला (आणि त्यांना त्याचा असलेला अभिमान) पूर्वीइतकाच असेल असं धरून चालतो. मी बरा आहे, म्हणजे ताप वगैरे नाही. पण डोक्यात असा गोंधळ झालाय की कुणाला विचारायचीही सोय नाही.

तुला माहीतच आहे, दवाखाने, शाळा कशा चालतात ते तपासून मी अहवाल लिहितो. (आई शेजारी सांगते, "तो कसलेसे कागद भरतो.") या खेपेला एका दवाखान्याचं मूल्यमापन केलं. एकशे बारा पानं, आणि निष्कर्ष एका ओळीचा: रांग लांबते, कारण केसपेपरच्या खिडकीवर एकच बाई बसते आणि ती एकटी आठ जणांचं काम उरकते. साहेबांनी अहवाल तळहातावर तोलला आणि म्हणाले, "हे वाचणार कोण? व्यंगचित्र काढा. चित्र सगळ्यांना कळतं."

माझी चित्रकला तू जाणतेस (लहानपणी माझ्या गायीला तू टेबल समजून शाबासकी दिली होतीस). तरी काढलं. खिडकीत बाई, तिला आठ हात, समोर रांग. स्वतःवर इतका खूश झालो, की मोठं करून दवाखान्याच्याच भिंतीवर लावलं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. एका आजोबांना वाटलं, आता आठ खिडक्या उघडणार. एका बाईंना ती कोळ्यांवरच्या औषधाची जाहिरात वाटली. बाकी सगळ्यांनी एकच अर्थ काढला: ही बाई आठ हातांनी खाते! तिसऱ्या दिवशी तिची चौकशी लागली. नऊ वर्षं जी स्वतःचा डबासुद्धा धड खात नाही, तिची!

मी धावत गेलो. ती रडत नव्हती, खाली मान घालून केसपेपर लिहीत होती. ते जास्त लागलं. म्हणाली, "लावायच्या आधी मला एकदा विचारलंत?"

"अहो, ते कौतुक होतं."

"मग कौतुक अक्षरांत लिहायचं."

चौकशीला मी अहवाल घेऊन गेलो, चौऱ्याहत्तराव्या पानावरचा तक्ता मोठ्यानं वाचला. (चौकशी अधिकारी जांभई देताना फार सभ्य दिसतात.) तेवढ्यात तिनं माझी पेन्सिल घेतली, पुरावा म्हणून ठेवलेलं माझंच चित्र उलटं केलं आणि मागे काढलं: एक बाई, दोन हात, फाटकाबाहेर गेलेली रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तो किती वाजता आला ती वेळ. अधिकाऱ्यांनी ते रांगेत नेऊन विचारलं, "हे काय आहे?" सगळे एका सुरात म्हणाले, "आम्ही!"

चौकशी मिटली, खिडकीवर तिच्या जोडीला दुसरा कारकून आला. साहेब आता जिथे तिथे सांगतात, चित्रामुळे काम झालं. कुणाच्या, ते सांगत नाहीत. मीही मान हलवतो, पण नक्की कशाला ते मला कळत नाही.

बाकी ठीक. आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझा गोंधळलेला भाचा

ता. क. तू पस्तीस वर्षं चित्रकला शिकवलीस, म्हणून खरं विचारायचं ते असं. काल तिनं एक चित्र पाठवलंय, सोबत अक्षर एक नाही. खिडकीत दोघं बसलीत, मध्ये चहाचा एकच कप, आणि शेजारच्या माणसाला चष्मा आहे. चित्र जोडलंय. नीट बघून उलट टपाली कळव, हा मीच ना?

पुन्हा ता. क. नव्या कारकुनालाही चष्मा आहे, हे पाकीट चिकटवताना आठवलं.