पांढरं दार

१२ मे
प्रयोगशाळेत सरांनी जोडी लावून दिली – जोलीन वॉसशी! सबंध वर्गात दुसरं कुणी उरलं नव्हतं? हिच्याच बापाने गेल्या वर्षी काउंटीच्या जत्रेत, गाड्या एकमेकींवर आदळायच्या डर्बीत, हार्लनच्या गाडीचं दार फोडलं. बाकी गाडीचा चुराडा करा, त्यासाठीच तर डर्बी असते. पण चालकाकडचं दार पांढरं रंगवतात, तिथे मारायचं नाही. वॉसने मारलं. माझा भाऊ आता चाकाच्या खुर्चीत. आणि वॉस म्हणतो, ब्रेक दाबला होता, चिखलात सरकली.
खोटारडा.

१३ मे
रुळावर छोटी गाडी, दोरीला टांगलेली वजनं. बल वाढवलं की त्वरण वाढतं. माझा आलेख वाकडाच! जोलीन लाल वेणी मागे टाकत म्हणाली, "बाहेरून वजनं आणू नकोस. गाडीतलीच काढून टांग, म्हणजे एकूण वस्तुमान बदलणार नाही."
बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला. मग तिने हार्लनची चौकशी केली. मी तोंड फिरवलं.

२० मे
रेघ सरळ आली, पण शून्यातून जात नाही. थोडं बल घर्षण खातं. जोलीन ते नीट लिहून काढत होती. मी मात्र आमच्या जुन्या, लांबलचक वॅगन गाडीचं गणित मांडत होते. एवढं वस्तुमान, एवढा वेग, आणि समोर वॉसचं दार. घर्षण धरलं नाही. कशाला धरायचं?

६ जून
यंदाच्या डर्बीसाठी वॅगनच्या काचा काढल्या, दार पांढरं रंगवलं. हार्लन खुर्चीतून बघत होता.
"टिली, कुणाला मारायचंय?"
समोर येईल त्याला, म्हटलं. नियम मोडला तर बाद करतील. करू देत. मला वॉसची हाडं मोडायची आहेत.

१७ जुलै
दिवसभर पाऊस. मैदानाचा नुसता राडा. वॉसची आठ नंबरची गाडी उतरणार आहे. उद्या!

१९ जुलै
काल आठ नंबर आडवी सापडली. इंजिन वाचावं म्हणून मागच्या बाजूनेच धडकतात; उलटा गिअर टाकला, मान मागे वळवली, पाय पूर्ण दाबला. अगदी जवळ गेल्यावर हेल्मेटखाली लाल वेणी दिसली. वॉस नव्हताच – जोलीन होती! ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. चाकं थांबली. वॅगन थांबली नाही. पांढरं दार आत गेलं, आणि तिची किंकाळी मध्येच तुटली.

२० जुलै
जोलीन अजून शुद्धीवर नाही. मी सगळ्यांना सांगतेय, ब्रेक दाबला होता, चिखलात सरकली. कुणालाच पटत नाही. हार्लनलाही नाही.
फक्त वॉसला पटलं.