हाताची घडी आणि बारा डझन फुगे

९ जानेवारी, शुक्र.
९ब कडून आज 'वेट' घेतलं. भिंतीवर माझा तक्ता आहे, बारा सोपी क्रियापदं, प्रत्येकाची बारा काळांतली बारा रूपं. आय वेट, आय वेटेड, आय विल वेट, मग अ‍ॅम वेटिंग... सगळ्यांनी हाताची घडी घालून, एका सुरात. शेजारच्या वर्गातले सर म्हणतात, भजनी मंडळ वाटतं. वाटू दे. दहावीला इंग्रजीत माझी पोरं लटकत नाहीत.
याच वर्गातली रंजना दिवाळीनंतर आलीच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली असेल, तूर्त पटावर राहू द्या. एप्रिलची परीक्षा बुडली की शाळा सुटलीच म्हणायची तिची. ती दर वेळी पाचव्या रूपाला अडकायची. शेवटच्या दिवशी 'वेट'ला अडकली तेव्हा दोन तास उभी केली होती मी, खिडकीपाशी. सगळ्यांसमोर मठ्ठ म्हणाले. म्हणाले खरं.
गॅदरिंगच्या फुग्यांचं काम माझ्या गळ्यात. मसोलीत राहते ना मी, फुगे बनवायची शेड घराजवळ.

१२ जाने., सोम.
घरी आल्या आल्या लिहायला बसले.
तलासरीकडून येणाऱ्या एसटीतून उतरले ती थेट शेडमध्ये. आठ-दहा बायका खाली बसून फुगे मोजून पाकिटात भरत होत्या. आधी आवाज ऐकू आला. "आय वॉश, आय वॉश्ड, आय विल वॉश." वाटलं, दिवसभर तेच घोकून घेते, कानात बसलंय. वळून बघते तर कोपऱ्यात रंजना. एका रूपाला एक फुगा टाकत होती. बारा रूपं झाली की डझन. तक्त्यातली बाराही क्रियापदं संपली की बारा डझन, पाकीट बंद. बाकीच्या बायका बोटांवर मोजत होत्या, ही माझ्या तक्त्यावर.
'वेट' आलं. मी खांबाआड उभी. पाचवं रूप गेलं. सातवं, नववं, बारावं. कुठे अडखळणं नाही.
नाव घेतलं तिचं. फुगा तिच्या हातातच राहिला. शेजारची बाई, तिची मावशी, वैतागली.
"काय बाई, पोरीचं मोजणं मोडलंत. आता पहिल्यापासून करायला लागेल तिला."
आईबाप भट्टीवर, ही मावशीकडे. दोन महिने. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. आणि मी फुगे घेऊन निघून आले. तिच्याशी नावापलीकडे एक शब्द नाही बोलले. शिक्षिका म्हणे.

१३ जाने., मंगळ.
सकाळी एक पाकीट फोडून मोजलं. एकशे चव्वेचाळीस. दुसरं फोडलं. तितकेच. टेबलभर फुगे. हे ड्यूटीला निघाले होते, बूट घालता घालता थांबले.
"तू सांगायचीस ती मठ्ठ मुलगी हीच का?"
मी फुगे परत पाकिटात भरायला लागले.
पंधरा वर्षांची पोर कामाला लावली, तक्रार करायला हवी. पण कोणाची? शेडवाल्याची करायची तर आधी माझी करावी लागेल.

१५ जाने., गुरु.
वर्गावर मन नाही. तक्ता म्हणायला सांगितला आणि मीच मधे विसरले. पोरं हसली. हसू दिलं.

१८ जाने., रवि.
गेले एकदाची मावशीच्या घरी. माफी मागायची असं घोकत गेले आणि दारात विचारलं काय, तर "जेवण झालं का?" मावशीने कोरा चहा दिला. रंजना चुलीपाशी, तिच्या हातात वालाच्या शेंगा. मान खाली.
म्हटलं, एवढं येत होतं तर वर्गात का नाही म्हणालीस?
शेंगा सोलत सोलत म्हणाली, "हात हलले की येतं, बाई. घडी घातली की जातं."
सोळा वर्षं शिकवतेय. पहिल्या दिवसापासून हाताची घडी. कोणाकोणाचं गेलं असेल, देव जाणे. मला ते विचारून घ्यावं असं एकदाही वाटलं नाही, याचीच लाज वाटतेय.
मावशी म्हणाली, "पाठवते की. आमची ना नाही. पण परत उभी केलीत तर? त्या दिवशी आली ती दोन दिवस जेवली नाही पोर."
हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, चुकलं माझं, रंजना. परत नाही होणार. परीक्षेला अजून वेळ आहे, मी बसते तुझ्याबरोबर.
"येशील उद्या?"
"बघते, बाई."

१९ जाने., सोम.
पहिला तास ९ब. आल्या आल्या सांगितलं, आजपासून घडी बंद, हात मोकळे. पोरांना कळेचना हातांचं काय करायचं. कोणी खिशात घातले, कोणी बाकावर ठेवले.
हजेरी घेतली. रंजनाचं नाव घेतलं, बाक रिकामा. पुढच्या नावावर जाणार तोच खिडकीजवळची सविता म्हणाली, "बाई, ती फाटकापाशी आहे. मघापासून."
खडू टाकून खाली गेले. दप्तर पाठीला, वेणी घट्ट, गणवेश आखूड झालेला. फाटकाच्या बाहेर उभी होती, आत यायला तयार नाही.
म्हटलं, चल.
माझ्याकडे बघून तिने वर्गातल्यासारखी हाताची घडी घातली.