देवमनची पकड

४ जून १९५८, अमरावती
आजपासून बायांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत कामाले लागलो. पातूरहून इतक्या लांब आलेला मी तिसरी पास, तरी अवजारं उकळायचं काम मिळालं. लय खूश आहे. देवमन हा जुना गडी सारं शिकवतो. रिट्रॅक्टर म्हणजे मूठ असलेलं, टोकाशी वाकवलेलं चापट पातं. त्यानं आतडी बाजूला ओढून धरली की खालची गर्भपिशवी नीट दिसते. डॉक्टरीणबाई मान वर करतच नाहीत. "देवमन" म्हणतात अन् पातं बोटभर सरकते.

२१ जुलै
नारळाएवढी गाठ, आत सारं एकमेकाले चिकटलेलं. देवमननं दोन घंटे पातं ढळू दिलं नाही. बाई साऱ्यांदेखत म्हणाल्या, याच्या हातामुळे मला दिसतं. मले दीड महिन्यानंतरही "अरे ए". माझं नाव सूर्यभान आहे, हे कोणाले विचारावंसं वाटलं नाही. जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट
तिवस्याची सत्यवतीबाई टेबलावर होती. देवमननं मोजून लावलेल्या ताटातलं लांब पातं मी काढून चादरींखाली दडवलं. त्याले बोलणी बसावीत, एवढंच मनात होतं. आखूड पातं खोलवर पोचेना. रक्त भरलं, बाईंना काही दिसेना. सत्यवतीबाई गेली.
देवमन शपथा घेऊन राहिला होता. त्याले काढून टाकलं. मी दडवलेलं पातं गुपचूप उकळून जागेवर ठेवलं.

१८ ऑगस्ट
देवमनचा भाऊ येऊन सांगून गेला, तो हाय खाऊन मेला. त्याची जागा मले मिळाली.

२० ऑगस्ट
पहिल्यांदा पातं धरलं. बाई सवयीनं बोलून गेल्या, "देवमन, वर घे."
मी हललो नव्हतो. पातं वर गेलं.

२३ ऑगस्ट
आजही तसंच. माझ्या बोटांवर थंडगार बोटं. बाई म्हणाल्या, "आज कसं लख्ख दिसतंय." मेल्यावरही शाबासकी त्यालेच. भीतीपेक्षा राग—

२६ ऑगस्ट
त्याचं नाव आलं की उलटं ओढायचं, ठरवूनच गेलो. ओढलं. पातं जराही ढळलं नाही. पोटात होता तो हात दुसऱ्याच कोणाचा होता, माझा नाही. बाईंना म्हणालो, मी सूर्यभान. त्यांनी विचारलं, कोण सूर्यभान?

२७ ऑगस्ट
सकाळपासून पोटात काही चापट, गार— बरगडीखाली अडकवलं— ओढते. जोरात नाही. तो कधीच जोरात ओढत नसे. बोटभर. मंग अजून बोटभर. आतलं सारं बाजूला करून राहिला, त्याले आता दिसून रा—